भरूच की जुवारी? खान्देशातून केबल ब्रिज बघायला निघताना

भरती-ओहोटीच्या पाण्यावरचा केबल ब्रिज बघायचा, तर खान्देशकराला जिल्हा सोडावाच लागतो. पर्याय दोन धरू: भरूचचा नर्मदेवरचा आणि गोव्यातला जुवारीवरचा.

अंतराचा निकाल लगेच लागतो. ताप्ती लाइनने अमळनेर, नंदुरबार करत सुरत, तिथून पुढे भरूच. स्वतःची गाडी असेल तर साक्री-नवापूरवरून. गोव्यासाठी भुसावळला गोवा एक्सप्रेस धरली तरी मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव असा मोठा फेरा पडतो. शनिवार-रविवारात ते बसत नाही.

पण हे दोन पूल एका जातीचे नाहीतच. २०१७ साली खुला झालेला भरूचचा पूल १३४४ मीटर लांब. मधले आठ गाळे (दोन खांबांमधलं अंतर) १४४ मीटरचे, टोकाचे दोन ९६चे. मनोरे बुटके, केबल बऱ्याच आडव्या. तिथे रस्त्याखालचा काँक्रीट गर्डर स्वतःच बराच भार पेलतो, केबल त्याला हात देतात. या प्रकाराला एक्स्ट्राडोज्ड म्हणतात. लांबून बघणाऱ्याला तो जरा ठेंगणाच वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो.

जुवारीच्या खाडीतून खनिजाच्या बार्ज जायच्या, म्हणून मधलं पाणी मोकळं राहणं महत्त्वाचं. तिथे दोन मनोऱ्यांमधला गाळा तब्बल ३६० मीटरचा, दोन्ही बाजूंना १४०-१४० मीटर. एवढ्या लांबीत खाली टेकू नाही. रस्त्याचं वजन तिरक्या केबलांतून मनोऱ्यात आणि तिथून पायात उतरतं. अर्धा पूल डिसेंबर २०२२ मध्ये, उरलेला पुढच्या डिसेंबरात सुरू झाला. सिव्हिलला शिकणारं पोरगं घरात असेल तर खर्चाकडे न बघता इथेच न्या. आगशी किंवा कुठ्ठाळीच्या काठावर उभं राहिलं की भार कुठून कुठे जातो ते डोळ्यांनीच कळतं. पुलावर थांबून फोटो काढायचा बेत मात्र दोन्हीकडे नको, हायवे आहे.

घरच्यांसोबत जाणार असाल तर माझं मत भरूचला. नवा पूल मनासारखा नाही वाटला तरी त्याच गावात १८८१चा लोखंडी गोल्डन ब्रिज आहे.

आणि सुरतेत उतरणारच आहात, तर अडाजण-अठवा जोडणारा केबल ब्रिज आधी बघून घ्या. आकाराने लहान, पण खराखुरा केबलवर तोललेला, आणि खाली आपलीच तापी. त्यावरच समाधान झालं तर गोव्याचं तिकीट वाचलं.