शर्यतीला माज लागतो का? सोलापुरातून रेसिंगला निघालेल्यांसाठी एक तुलना

पोरगं गाडी बऱ्यापैकी जोरात चालवायला लागलं की घरच्यांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "अंगात माज नसेल तर समोरचा घुसूच देणार नाही, पहिल्याच वळणाला मागे राहशील." दुसरा म्हणतो, "हवा डोक्यात गेली की संपलं, पाय जमिनीवर ठेव." गप्पांपुरतं दोन्ही बरोबर वाटतं. पण सोलापूरहून सरावाला कोल्हापूर, पुणे नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं, आणि प्रत्येक फेरीला टायर, पेट्रोल, एंट्री फी आणि मुक्काम असा खर्च असतो. कोच कसा निवडायचा आणि पोराला कोणत्या वळणावर न्यायचं, हे मग ठरवावंच लागतं.

आमचं मत आधी सांगतो. हेल्मेट चढवल्यावर मोजक्या दोन-तीन जागी माजासारखं दिसणारं काहीतरी लागतं. हेल्मेट उतरवल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट वेळ आणि पैसा दोन्ही जातात. खाली एका बाजूला माजाने चालवणारा आणि दुसऱ्या बाजूला हिशेबाने चालवणारा असे दोघे धरले आहेत. दोघांचा हात सारखाच वेगवान आहे, हे गृहीत धरा.

वळणाच्या तोंडाशी

कार्ट, म्हणजे सुरुवातीच्या शर्यतींची छोटी उघडी गाडी, ताशी ९० किलोमीटरने धावत असेल तर ती सेकंदाला २५ मीटर कापते. ब्रेक सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा दाबला की अडीच मीटर पुढे जातो, म्हणजे कार्टच्या लांबीपेक्षा जास्त. आतून घुसण्याचा सगळा खेळ एवढ्याच जागेत चालतो. समोरचा वळायला लागण्याआधी तुमचं पुढचं चाक त्याच्या शेजारी पोचलं असेल तर तो दार बंद करायला, म्हणजे आडवं यायला, कचरतो. पोचलं नसेल तर तो वळणार, आणि वळायचा त्याला हक्क आहे.

माजवाल्याचा फायदा इथे खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. हा पोरगा जागा दिसली की येतोच, मागे हटत नाही, असं नाव झालं की समोरचे आरशाशिवायही त्याला ओळखतात आणि अर्धी जागा आधीच सोडतात. फॉर्म्युला १ च्या आयर्टन सेनाने हे नाव कमावलं होतं. मागून त्याचं पिवळं हेल्मेट दिसलं की बरेच जण भांडण टाळायचे.

तोटाही इथेच आहे. साध्या रेसिंग कार्टला ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलवर (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) असतो आणि तो ॲक्सल एकसंध असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. ईर्षेने उशिरा आणि जोरात ब्रेक दाबला की मागची दोन्ही चाकं एकदम लॉक होतात आणि शेपूट सुटतं. गाडी फिरली नाही तरी वळणाच्या आतल्या टोकावरून बाहेर वाहत जाते. हिशेबी चालक तेव्हा काय करतो? तो थोडा आधी ब्रेक दाबतो, रुंद जाऊन उशिरा वळतो आणि सरळ रस्त्यावर आधी थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) उघडून जागा परत घेतो. माजवाल्याने वळण जिंकलं आणि पुढची सरळ रेघ हरली. धडक देऊन घुसला तर आणखी वाईट. आंतरराष्ट्रीय कार्टिंगमध्ये पुढचा बंपर धक्क्याने जागचा हललेला दिसला की ५ सेकंदांची शिक्षा बसते. चुरशीच्या शर्यतीत ५ सेकंदांत पाच-सहा गाड्या सहज मावतात.

रात्री बायपासला पैज लावून पळवणाऱ्या पोरांना हा फरक कळत नाही. रस्त्यावर माज चालतो, कारण समोरच्याला जीव वाचवून घरी जायचं असतं, म्हणून तो बाजूला होतो. ट्रॅकवर नवख्यासाठी कुणीच बाजूला होत नाही. तिथे सगळ्यांकडे हेल्मेट आहे, रिब प्रोटेक्टर आहे आणि सगळे जिंकायलाच आलेले आहेत. रस्त्यावरची ती सवय घेऊन आलेला मुलगा पहिल्या काही शर्यतींत बहुतेक वेळा पहिल्या वळणाच्या मातीत दिसतो. शिवाय रस्त्यावर लोकांचा जीव जातो, म्हणून त्याला सराव म्हणणंच चूक आहे.

मोठ्यांच्या नोंदी काय सांगतात

सेना आणि अलाँ प्रोस्ट १९८८ मध्ये मॅक्लारेन संघात सारख्याच गाड्यांवर होते आणि त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती या संघाने जिंकल्या. मोनॅकोच्या पात्रता फेरीत सेना प्रोस्टपेक्षा १.४ सेकंदांनी वेगवान होता. सारख्याच गाडीत एवढा फरक म्हणजे थक्क करणारी गोष्ट. शर्यतीतही तो सुमारे ५० सेकंदांनी पुढे होता. तरी थोड्याच फेऱ्या उरल्या असताना गाडी कठड्यावर आदळली आणि प्रोस्ट जिंकला. त्या वर्षीचं विजेतेपद मात्र सेनाचंच. अखेरचा हिशेब बघा: सेना ६५ पोल (पात्रता फेरीत पहिला), ४१ विजय, ३ विजेतेपदं, प्रोस्ट ३३ पोल, ५१ विजय, ४ विजेतेपदं. एका फेरीच्या वेगात सेना पुढे, वर्षभराच्या मोजणीत प्रोस्ट.

प्रोस्ट अगदी साधा होता असंही नाही. १९८९ मध्ये सुझुकाला त्याने सेनावर दार बंद केलं आणि दोघे एकमेकांत अडकले. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर सेनाने पहिल्याच वळणावर प्रोस्टला ठोकलं, आणि ते ठरवून केलं होतं हे वर्षभराने स्वतःच कबूल केलं. हिशेबी माणूसही वेळ आली की जागा सोडत नाही. हे लक्षात ठेवा, कारण हिशेबी म्हणजे मवाळ असा गैरसमज आपल्याकडे फार आहे.

माजाची सगळ्यात स्वच्छ तुलना एकाच माणसात मिळते. मायकेल शूमाकर १९९४ मध्ये ॲडलेडला, वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत, एका गुणाने पुढे होता. भिंतीला लागून गाडी बिघडली, डेमन हिल आतून आला, दोघे धडकले, दोघेही बाद, विजेतेपद शूमाकरचं. १९९७ मध्ये शेवटच्या शर्यतीत हेरेसला पुन्हा तो एका गुणाने पुढे. जॅक व्हिलनव आतून आला आणि शूमाकरने गाडी त्याच्यावर घातली. या वेळी खडीत रुतला तो शूमाकर. व्हिलनवने तिसरा येऊन विजेतेपद घेतलं आणि शूमाकरचं नाव त्या वर्षीच्या क्रमवारीतूनच काढण्यात आलं. प्रसंग तसाच, माणूस तोच, निकाल उलटा. ज्या गोष्टीचा निकाल नशिबावर आहे तिला यशाची अट म्हणता येत नाही.

मोटरसायकलवालेही बघा. २०१५ मध्ये व्हॅलेंतिनो रोसी शेवटच्या शर्यतीआधी ७ गुणांनी पुढे होता. त्याआधीच्या शर्यतीत सेपांगला मार्क मार्केझशी चाललेल्या भांडणात धक्का लागला, मार्केझ पडला, आणि रोसीला मिळालेल्या दंडगुणांमुळे शेवटच्या शर्यतीत, व्हॅलेन्सियाला, सगळ्यांच्या मागून निघावं लागलं. चौथा आला आणि विजेतेपद ५ गुणांनी होर्हे लोरेन्झोकडे गेलं.

दुसरी बाजूही आहे. २०१३ मध्ये मलेशियात सेबास्टियन व्हेटलने संघाचा आदेश धुडकावून सहकारी मार्क वेबरला मागे टाकलं आणि त्या वर्षीही विजेतेपद मिळवलं. पण तो सलग तीन वेळा विजेता ठरल्यानंतरचा व्हेटल होता. त्या हट्टाची किंमत चुकवायची ताकद त्याच्याकडे जमा होती. पहिल्या वर्षाच्या पोराकडे ती नसते.

पिटमध्ये: खरा फरक इथे पडतो

सत्र संपून गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, आली की पहिल्या पाच मिनिटांत पुढचं सत्र ठरतं. माजवाला हेल्मेट काढता काढता म्हणतो, "मामा, गाडीच बेकार आहे की, धरतच नाही." मिस्त्री बिचारा टायरचा दाब बदलतो, पुढची चाकं स्पेसर टाकून बाहेर सरकवतो, सीटचा स्टे (आधाराची दांडी) ढिला करतो. पुढच्या सत्रात गाडी बरी झाली किंवा बिघडली, तरी कशामुळे हे कुणालाच कळत नाही.

हिशेबी पोरगा म्हणतो, "मामा, तिसऱ्या वळणात शिरताना पुढचं धरत नाही, मधोमध ठीक आहे, बाहेर पडताना मागचं किंचित सुटतं. आठव्या फेरीनंतर जास्त." आता मिस्त्रीला धागा मिळाला. शिरताना पुढचं धरत नसेल तर पुढची रुंदी किंवा कॅस्टर (पुढची चाकं ज्या आसावर वळतात त्याचा तिरकेपणा) बघायचा. आठव्या फेरीनंतरच सुटत असेल तर गरम टायरचा दाब चढतोय, म्हणून थंड दाब थोडा उतरवायचा. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदल वहीत.

दाब मोजण्याचं काम साधं दिसतं, पण आपल्याकडच्या उन्हात ते फसवतं. गाडी आत आल्या आल्या, चाकं गरम असतानाच चारही दाब घ्यायचे. थंड दाब सकाळी सातला भरला आणि गाडी दुपारी दोनला निघाली तर तो थंड राहिलेलाच नसतो. कार्ट अर्धी सावलीत, अर्धी उन्हात उभी असेल तर उन्हाकडचे दोन टायर जास्त दाब दाखवतात. मग डावं-उजवं जुळवण्याच्या नादात चुकीचा दाब भरला जातो. म्हणून मोजायच्या आधी गाडी पूर्ण सावलीत. असलं कंटाळवाणं काम माजवाला मिस्त्रीवर ढकलून निघून जातो, हिशेबी पोरगा गेज स्वतःच्या हाताने धरतो.

आणखी एक गोष्ट. गाडी घसरवत चालवली की बघायला जोरदार वाटते, पण टायरचा पृष्ठभाग तापतो, पकड उतरते आणि फेरीचा वेळ वाढतो. ही चूक हाताची आहे, सेटिंगची नाही. डेटा लॉगरवर (वेग आणि थ्रॉटल नोंदवणाऱ्या यंत्रावर) आपल्या आणि वेगवान सहकाऱ्याच्या रेषा एकावर एक ठेवल्या की लगेच दिसतं: तो थ्रॉटल कधी उघडतो, आपण कधी उघडतो, वळणाच्या तळाशी त्याचा वेग आपल्यापेक्षा किती जास्त. माजवाला ती रेषा बघायलाच तयार नसतो. आमच्या मते पूर्ण तुलनेत सर्वांत महागडा तोटा हाच. धडकेत मोडलेली टाय-रॉड (स्टिअरिंगची दांडी) बदलता येते, न शिकलेलं वर्ष परत येत नाही.

संघातलं वातावरण हा याचाच पुढचा भाग. २००७ मध्ये मॅक्लारेनमध्ये फर्नांडो अलोन्सो आणि लुईस हॅमिल्टन एकमेकांना नमते घेईनात. हंगेरीच्या पात्रता फेरीत तर अलोन्सोने पिटमध्ये हॅमिल्टनला अडवून धरलं आणि पाच जागांची शिक्षा घेतली. वर्षअखेर दोघांचे १०९-१०९ गुण झाले आणि ११० गुणांसह किमी रायकोनन विजेता ठरला.

गुणांचं आणि पैशाचं गणित

फॉर्म्युला १ च्या पद्धतीने पहिल्याला २५ आणि दुसऱ्याला १८ गुण धरा. सहा शर्यतींत चार जिंकल्या आणि दोनदा ठोकून बाहेर पडला, तर १०० गुण. सहाही वेळा दुसरा आला, तर १०८. चार करंडक घरी आणूनही पहिला मागे राहिला. १९८४ मध्ये असंच झालं: प्रोस्टने सात शर्यती जिंकल्या, निकी लाउडाने पाच, आणि लाउडाला वर्षभरात एकही पोल नव्हती. विजेता लाउडा, अर्ध्या गुणाने.

आपल्याकडे नुकसानीचं बिल साधारणपणे चालकाच्या माथी येतं. एका धडकेत वाकलेला ॲक्सल, स्टब ॲक्सल (पुढच्या चाकाचा आस), टाय-रॉड, बंपर आणि चॅसिसची तपासणी इतकं निघू शकतं. वाकलेला ॲक्सल डोळ्याला दिसत नाही. चाक हवेत फिरवून बघितलं तरच हेलकावा कळतो. तो तसाच ठेवून धावलात तर बेअरिंगही जातं. ज्या घरात ट्रॅकवरच्या दिवसांचं बजेट आधीच ठरलेलं आहे, तिथे दर धडक म्हणजे सरावाचा एक दिवस कमी.

कुठल्या प्रकाराला काय

कार्टिंगच्या छोट्या शर्यतीत पहिल्या दोन फेऱ्यांना आक्रमकपणा लागतोच, मवाळ पोरगा तिथे दहा जागा गमावतो. मोटरसायकलच्या वन-मेक शर्यतीत गाड्या सारख्या असल्याने गाडीला दोष देणाऱ्याला आडोसाच नसतो, आणि चुकीची किंमत हाडांना मोजावी लागते. रॅलीत माज सगळ्यात निरुपयोगी: शेजारी बसलेला सहचालक पुढच्या रस्त्याच्या नोट्स वाचतोय, त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एकच गाडी दोघा-तिघांनी वाटून चालवायची असते, तिथेही तेच.

निवड करताना

पोराचं वय बारा-तेराच्या आत असेल आणि नुकतीच सुरुवात असेल तर हिशेबी कोचच घ्या, शंका नको. आक्रमकपणा नंतर शिकवता येतो, ऐकायची सवय नंतर लागत नाही. पोरगा मुळात बुजरा असेल तर मात्र असा कोच शोधा जो वळणावर शेजारी जाऊन टिकून राहण्याचा सराव स्वतंत्रपणे घेतो: दोन कार्ट, एकच वळण, आळीपाळीने आतली आणि बाहेरची बाजू, ठरलेल्या खुणेवर ब्रेक. घरी ओरडून हे येत नाही.

कोचकडे जाल तेव्हा फी विचारण्याआधी एक सत्र लांबून बघा. गाडी आत आल्यावर तो पोराला आधी विचारतो की आधी सांगतो? वही आहे का? धडक झाल्यावर चूक कुणाची यावर किती वेळ जातो आणि पुढच्या वेळी ती कशी टाळायची यावर किती? आधीच्या सत्राचा डेटा दाखवा म्हटल्यावर तो निघतो का? भाड्याच्या फोर-स्ट्रोक कार्टवर सगळ्यांना हरवणारा पोरगा घेऊन गेलात तर चांगला कोच त्याचं कौतुक करेल आणि लगेच खालच्या वर्गात बसवेल. कारण वरच्या वर्गाची, म्हणजे रोटॅक्स इंजिनची सीनियर मॅक्स कार्ट १२५ सीसी टू-स्ट्रोक, सुमारे ३० हॉर्सपॉवरची असते, आणि भाड्याच्या गाडीवरचा रुबाब तिच्या पहिल्याच ब्रेकला उतरतो. पहिल्याच दिवशी तिच्यात बसवून व्हिडिओ काढून देणारा कोच असेल तर दुसरं दार बघा.

पोरगा आधीच माजात असेल तर त्याला ओरडू नका, काम द्या. तीन सत्रं त्याने फक्त दाब मोजायचे, वही भरायची आणि प्रत्येक वळणाबद्दल शिरताना, मधोमध, बाहेर पडताना असं एकेक वाक्य लिहायचं. "गाडी बेकार" हे शब्द वहीत चालणार नाहीत, असं मिस्त्रीकडून सांगवा. चौथ्या सत्राला त्याच्या वहीतल्या नोंदीवरूनच एक बदल करा आणि फेरीचा वेळ त्याच्या हाताने शेजारी लिहायला लावा.