ऑर्गनच्या तिकिटांचं बनावट शीटलेट : संग्राहकांनो, सावध राहा

मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि वाद्यांची टपाल तिकिटं जमवतो. त्यातही जीव अडकतो तो इथल्या रस्त्यांवर वाजणाऱ्या ऑर्गनमध्ये. चाक फिरवलं की पुठ्ठ्याचं घडीचं पुस्तक एका बाजूने आत सरकतं, त्याच्या भोकांप्रमाणे पाइप वाजतात आणि पलीकडे पुस्तकाची पुन्हा घडी पडत जाते. उट्रेक्टच्या स्पीलक्लॉक संग्रहालयात असे ऑर्गन अगदी जवळून बघता येतात.

एका तिकीट मेळाव्यात याच ऑर्गनचं नऊ तिकिटांचं शीटलेट, म्हणजे एकत्र छापलेल्या तिकिटांचा छोटा कागद, दिसला. वर रशियातल्या एका प्रजासत्ताकाचं नाव, दर्शनी मूल्य रुबलमध्ये, साल 1999. "फार थोडी छापली होती, पुन्हा मिळणार नाहीत," असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं आणि 40 युरो घेतले.

घरी भिंगाखाली धरलं, तर पुठ्ठ्याचं पुस्तक लावलेल्या ऑर्गनखाली 'ॲमस्टरडॅम, 1850' असं छापलेलं. हे पुस्तकाचं तंत्र पॅरिसच्या गाव्हियोली कंपनीने 1892 मध्ये आणलं. त्याआधी आत खिळे ठोकलेला लाकडी दंडगोल फिरायचा. अशा चुका खऱ्या तिकिटांवरही सापडतात, म्हणून मिशेल हा जगभरच्या तिकिटांची यादी देणारा जर्मन कॅटलॉग उघडला. त्यात नोंदच नाही. रशियात तिकिटं काढायचा अधिकार देशाच्या टपाल खात्याचा. बुर्यातिया, कारेलिया अशा तिथल्या प्रजासत्ताकांच्या नावांची रंगीबेरंगी शीटलेट 1990 नंतर परस्पर छापून जगभरच्या संग्राहकांच्या गळ्यात मारली गेली. टपालासाठी ती वैधच नाहीत.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, "मी कुठे म्हटलं की हे टपाल खात्याचं आहे?" पावतीवर खरंच फक्त 'शीटलेट, वाद्ये' एवढंच होतं. पैसे बुडाले. नव्याने छंदाला लागलेल्या मुलांनाही हाच माल विकला जातो, याचा मला जास्त संताप येतो.

शीटलेटवर 1999 हे साल घालण्यात त्यांची सोयच आहे. जागतिक टपाल संघाची डब्ल्यूएनएस ही ऑनलाइन नोंद 2002 पासूनच्या तिकिटांची. त्याआधीचं तिथे तपासताच येत नाही. नंतरचं तिकीट असेल तर आधी तिथे शोधा, मात्र सगळेच देश त्यात नाहीत. जुन्यासाठी कॅटलॉगच बघावा लागतो. पैसे देण्याआधी पावतीवर देशाचं नाव आणि कॅटलॉग क्रमांक लिहून मागा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तिथूनच परत फिरा.