शॉवरच्या टाइलखाली काय लावायचं: सिमेंटवालं कोटिंग, लिक्विड मेम्ब्रेन की शीट?

टाइल लावली की पाणी अडलं, हे आधी डोक्यातून काढा. टाइलच्या फटींत भरतात ते सिमेंटचं ग्राउट पाणी पितंच, त्याऐवजी इपॉक्सीचं (रेझिनचं) ग्राउट भरलंत तर डाग कमी पडतील पण खालचं वॉटरप्रूफिंग त्याने टळत नाही. आणि ढाळ मेम्ब्रेनच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थराच्या, खालीच हवा, मीटरला साधारण 2 सेंटिमीटर, नंतर टाइलखालच्या मालाने उतार काढू म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सिमेंटवालं कोटिंग म्हणजे पावडर आणि लिक्विड कालवून ब्रशने मारायचं ते, दोन हात, पहिला आडवा मारला तर दुसरा उभा. काँक्रीट आणि गिलाव्याला ते मस्त धरतं, सरफेस थोडा ओला असला तरी चालतं, उलट आधी ओला करूनच घ्यायचा असतो. गडबड होते ती बादलीत. मिस्त्री एकदम सगळं कालवून ठेवतो, अर्ध्या तासाने ते घट्ट व्हायला लागलं की वरून पाणी ओतून परत ढवळतो आणि मग तो थर नावालाच राहतो. म्हणून थोडं थोडं कालवायला लावा. लवचिकता मात्र बेताची, हलणाऱ्या लाकडी फ्लोअरवर मी तरी हे लावणार नाही.

लिक्विड मेम्ब्रेन तयार डब्यातच येतं, वाळलं की रबरासारखं ताणतं, बोर्डच्या भिंतींना हे बरं. पण खालचा सरफेस कोरडा लागतो, आणि लोक ते रंगासारखं ओढून ओढून पातळ करतात, डबा पुरवायचा असतो ना. डब्यावर किती एरियाला किती माल ते लिहिलेलं असतं, त्यापेक्षा कमी संपला तर थर पातळ झालाय हे सरळ गणित आहे. वाळल्यावर टॉर्च तिरका धरून बघा, टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. बंद बाथरूममध्ये वाळायला वेळही बराच खातं.

शीट म्हणजे चिकटवायचा तयार वॉटरप्रूफ थर. तिची जाडी कारखान्यातच ठरलेली, त्यामुळे अंदाजाचा प्रश्नच नाही आणि वाळायची वाटही बघायची नाही. महाग पडते, जोडावर निदान 5 सेंटिमीटर एकावर एक हवी, खाली हवा राहता कामा नये, आणि बहुतेक सिस्टिममध्ये ड्रेन त्याच मापाचा लागतो, म्हणजे प्लंबिंगच्या आधीच ठरवायला लागतं. सिमेंट-वाळूच्या मसाल्याच्या थराखाली प्लास्टिक लायनर टाकायची जुनी पद्धत पण आहे, पण त्यात वरचा मसाला कायम ओला राहतो, मी तिकडे जाणारच नाही.

आमच्याकडे कोटिंग चांगलंच होतं, पण फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाळीची पट्टी द्यायची राहून गेली आणि आठ महिन्यांनी पलीकडच्या खोलीत स्कर्टिंगच्या वर ओल आली. कोपरे आणि ड्रेनची कड, गळतं ते इथेच, मटेरियल कुठलंही घ्या.

मी निवडलं तर काँक्रीटवर कोटिंग, बोर्डवर लिक्विड, आणि घाई असून शीट नीट लावणारा माणूस हाताशी असेल तर शीट. काहीही लावा, टाइलच्या आधी ड्रेन बंद करून पाणी भरा, पेन्सिलने खूण करा, 24 तास ठेवा. शेजारी पाण्याचा एक पसरट टब ठेवून त्यालाही खूण करा, म्हणजे उडून किती गेलं आणि मुरलं किती ते कळतं.