प्राइम९५ : घरच्या संगणकावर विराट मूळ संख्येचा शोध

जिम्प्स प्रकल्पाचे 'प्राइम९५' हे मोफत सॉफ्टवेअर मी वर्षभर घरी चालवतो आहे आणि गणिताची गोडी असलेल्या प्रत्येकाने ते बसवून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या या प्रकल्पात जगभरचे हौशी लोक मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या, शोधतात. घातांक स्वतः मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ येते आणि ती २३ गुणिले ८९ आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेल्या संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ असून तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एवढ्या संख्येचे भाजक एकेक करून तपासणे अशक्यच. मग ती मूळ असल्याची खात्री कशी पटते, हे लहान संख्येवर वहीत करून पाहावे. ४ पासून सुरुवात करायची, दर वेळी वर्ग करून त्यातून २ वजा करायचे आणि तपासायच्या मर्सेन संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांक ७ ची संख्या १२७. तिच्यासाठी ४, १४, ६७, ४२, १११ आणि ० असा क्रम येतो, आणि घातांकाहून दोनने कमी, म्हणजे पाचव्या फेरीत शून्य आले की संख्या मूळ ठरते. द्विमान पद्धतीत मर्सेन संख्या ही नुसती एकांची रांग असल्यामुळे येथे खऱ्या भागाकाराचीही गरज पडत नाही : १४ च्या वर्गातून २ गेले की १९४ राहतात, त्यातला १२८ चा गठ्ठा (१२७ ने भागल्यावर त्याची बाकी १ उरते) १ म्हणून उरलेल्या ६६ मध्ये मिळवला की झाले ६७. हे पहिल्यांदा हाताने केले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता.

प्राइम९५ पहिल्या चाळणीसाठी आता वेगळी, फर्माच्या प्रमेयावर आधारलेली चाचणी वापरते, कारण तिच्यात रॉबर्ट गेर्बिक्झ यांची चूक पकडण्याची युक्ती बसते. आठवडाभर चाललेल्या गणितात मेमरीतला एखादा बिट उलटला तरी तो ध्यानात येतो आणि काम शेवटच्या खात्रीच्या टप्प्यापासून पुन्हा सुरू होते. सोबत तयार होणाऱ्या पुराव्याच्या फाइलमुळे तेच गणित दुसऱ्या कुणाला मुळापासून करावे लागत नाही. या प्रणालीतली ही सुधारणा मला सर्वांत मोलाची वाटते.

वापरणे सोपे आहे : काम सर्व्हर नेमून देतो आणि गणित इतर कामांच्या आड न येता मागे चालू राहते. मात्र प्रोसेसर सतत पूर्ण क्षमतेने चालत असल्याने तो तापतो, वीजही लागते. म्हणून लॅपटॉपपेक्षा हवेशीर डेस्कटॉप घ्यावा. वेग हवा असेल तर ग्राफिक्स कार्डासाठीचे वेगळे सॉफ्टवेअर निवडावे, कारण २०२४ ची संख्याही तशाच कार्डांवर सापडली. पुराव्याची फाइल सर्व्हरवर पोहोचेपर्यंत डिस्कवर काही जीबी जागा मोकळी ठेवावी आणि तोवर ती फाइल पुसू नये.