हात लागतो तिथेच सागवान

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील एका दुकानातून आम्ही सहा खुर्च्यांचे जेवणाचे टेबल घेतले. विक्रेत्याने ते ‘भरीव सागवानाचे, डांगच्या लाकडाचे’ असल्याचे सांगितले आणि किंमतही त्याच हिशोबाने लावली. पाऊस सुरू झाल्यावर टेबलाची एक कड फुगली, पॉलिशसकट वरचा पापुद्रा सुटू लागला, आणि सुताराने पाय सोडवून पाहिले तेव्हा आत लाकडाच्या चिपा रसायनी गोंदात दाबून केलेला पार्टिकल बोर्ड निघाला.

संताप येण्याआधी त्या टेबलाच्या रचनेचे नवलच वाटले. पाय, खुर्च्यांच्या पाठीची वरची पट्टी आणि टेबलाच्या कडेने फिरवलेली बिडिंग म्हणजे अरुंद पट्टी हे सारे अस्सल सागवान होते, कारण गिऱ्हाईक पायावर टकटक करते, कडेवरून हात फिरवते आणि खुर्ची पाठीला धरून ओढते. हात जेथे जाणार तेथे खरे लाकूड आणि उरलेल्या सपाट भागावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे सागाचे व्हिनिअर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, अशी ती विचारपूर्वक केलेली मांडणी होती. मोटारीच्या डॅशबोर्डवरही लाकडाचा नुसता आभास असतो; पण त्याचे पैसे कोणी सागवानाच्या भावाने घेत नाही.

व्हिनिअर हा स्वतः काही दोष नव्हे. चांगल्या प्लायवुडवर नीट बसवलेले व्हिनिअर वर्षानुवर्षे टिकते आणि रुंद भरीव फळीपेक्षा कमी वाकते. पार्टिकल बोर्डाचे मात्र तसे नसते: उघड्या कडेतून पाणी शिरले की तो जाडीत फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, एकदा निसटलेला स्क्रूही त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही.

म्हणून तपासणी वरून न करता खालून करावी. भरीव लाकडाच्या पृष्ठभागावरील रेषा कडेवरून खाली उतरतात आणि फळीच्या आडव्या कापावर वार्षिक वलयांचे तुकडे दिसतात. रुंद टेबल साधारणतः अनेक फळ्या जोडूनच होते, त्यामुळे एकच नक्षी ठरावीक अंतराने जशीच्या तशी पुन्हा दिसली तर शंका घ्यावी. खणाचा तळ, मागची बाजू आणि स्क्रूची भोके विक्रेता सहसा आपणहून दाखवत नाही; मोबाइलचा टॉर्च लावून ती आपणच पाहावीत.

आमच्या बिलावर ‘डायनिंग सेट, १ नग’ एवढेच लिहिले होते आणि तक्रार नेल्यावर दुकानदाराने त्याचाच आधार घेतला. ‘सागवान म्हणजे पाय सागवानाचे’ हे त्याचे उत्तर. टेबलाचा वरचा भाग, चौकट आणि पाय कशाचे आहेत हे बिलावर वेगवेगळे लिहून घ्यावे. जो लिहून देण्यास कां-कूं करतो त्याच्याकडे आगाऊ रक्कम ठेवू नये.

मालाच्या दर्जाबद्दल खोटे सांगून विक्री करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क लागत नाही. सुताराने उघडलेल्या भागाची छायाचित्रे, विक्रेत्याचे व्हॉट्सॲपवरील संदेश आणि बिल जोडून आम्ही तक्रार दाखल केली आहे. फुगलेली फळी दुकानदार ‘बदलून देतो’ म्हणून मागत होता. पुरावा असल्याने ती आम्ही दिलेली नाही.