गावातली सुट्टी: दुरुस्त केलेलं जुनं घर घ्यावं की नवा बंगला?

भाड्याच्या घरांचे फोटो चाळताना जुनं घर नेहमीच बाजी मारतं. लाकडी तुळया, कोनाडे, दगडी पायऱ्या, आणि शेजारी नव्या बंगल्याच्या गुळगुळीत फरश्या. तरी फोटो बाजूला ठेवा आणि किती रात्री राहणार, कुठल्या ऋतूत, हे आधी ठरवा.

कारण खरा फरक भिंतींचा आहे. जुन्या घराच्या दगडी किंवा मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. दुपारचं ऊन त्यांतून आत झिरपेपर्यंत रात्र होते, म्हणून उन्हाळ्यात पुष्कळदा पंख्यावर भागतं. पातळ भिंतींच्या बंगल्यात एसीवाचून निभत नाही. थंडीत नेमकं उलटं. बरेच दिवस बंद असलेलं जाड भिंतींचं घर शेकोटी पेटवली म्हणून तासाभरात ऊब धरत नाही. त्याला एक-दोन दिवस लागतात. शनिवार-रविवारसाठी गेलात तर घर उबदार होईतो निघायची वेळ येते. म्हणून थंडीतल्या दोन रात्रींसाठी मी बंगलाच सुचवेन. आठवडा हाताशी असेल तर जुनं घर, बिनदिक्कत.

मात्र दुरुस्ती कशी झाली आहे ते विचारा. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. सिमेंटचा ती कोंडतो. मग जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात, क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि अंथरुणालाही कुबट वास येतो. मालकाकडे तळमजल्यावरच्या भिंतीचा, अगदी खालच्या भागाचा फोटो मागा. मनापासून काम केलेला मालक तो आनंदानं पाठवेल, वर गवंड्याचं कौतुकही ऐकवेल.

सोबत आजी-आजोबा किंवा रांगती मुलं असतील तर बंगला. जुन्या घरातले उभे जिने आणि डोक्याला लागणाऱ्या चौकटी हौसेनं सोसण्याच्या गोष्टी नाहीत.

मधला मार्गही आहे. १९७६ च्या फ्रिउलीतल्या भूकंपानंतर इटलीत ‘आल्बेर्गो दिफ्फूझो’ची कल्पना रुजली: गावभर विखुरलेल्या जुन्या घरांत खोल्या, स्वागतकक्ष मात्र एकच. जुन्या घराची ओढ आहे, पण रात्री नळ बिघडला तर हाक मारायला कोणी हवं, अशांना हे सोयीचं.

दोन्हींचं भाडं सारखं असेल तर माझा कौल जुन्या घराला. ब्रिटनमधली लँडमार्क ट्रस्ट १९६५ पासून पडायला आलेल्या वास्तू दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्यानं देते आणि त्या भाड्यातून त्यांची देखभाल करते. असं घर वापरात राहिलं तरच त्याचं छप्पर वेळेवर शाकारलं जातं.

सुट्टीत ऑफिसचं काम करावं लागणार असेल, तर वायफायचा राउटर कुठल्या खोलीत आहे तेही विचारून घ्या. दोन फुटी दगडापलीकडे सिग्नल फारसा जात नाही.