टेम्पो वीजदर आणि लाकडाची शेगडी : क्रूझमधील दोन हिवाळ्यांचा अनुभव

फ्रान्सच्या क्रूझ विभागातील एका जुन्या दगडी घरात राहायला येऊन आम्हाला आता एकोणीस महिने झाले. त्यापूर्वीची तीस वर्षे आम्ही लंडनच्या हॅरो भागात काढली. नागरिकत्व ब्रिटिशच आहे, आणि निवृत्तीनंतर बेताच्या पेन्शनमध्ये स्वतःच्या घरात, कोणापुढे हात न पसरता राहता यावे एवढ्याच हिशेबाने इकडे आलो. या काळात आमच्या घरखर्चावर सर्वांत जास्त परिणाम ज्या दोन गोष्टींनी केला, त्यांच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. एक म्हणजे ‘टेम्पो’ नावाचा विजेचा दर आणि दुसरी म्हणजे लाकडावर चालणारी बंद शेगडी. दोन्हींविषयी एकत्र लिहिण्याचे कारण असे, की आमच्या अनुभवात एकीवाचून दुसरी परवडत नाही.

ब्रिटनमधून येणाऱ्या माणसाला घर तापवणे म्हणजे भिंतीवरचा गॅसचा बॉयलर, एवढेच ठाऊक असते. क्रूझ हा फ्रान्समधील सर्वांत विरळ वस्तीच्या विभागांपैकी एक आहे. येथे घरे स्वस्त मिळतात ती त्यामुळेच, आणि आमच्यासारख्या खेड्यांत गॅसची पाइपलाइन पोहोचलेली नाही तीही त्यामुळेच. तेलावर चालणारे बॉयलर जुन्या घरांत दिसतात, पण १ जुलै २०२२ पासून नवीन बसवण्यास बंदी आहे. आमच्या घरात आधीच्या मालकांनी लावलेले विजेचे हीटर होते. त्या स्वस्त हीटरांना फ्रेंच लोक ‘टोस्टर’ म्हणतात, आणि पहिल्या महिन्याचे बिल हातात पडल्यावर ते नाव किती योग्य आहे हे आम्हाला पटले. ब्रिटनमध्ये पेन्शनधारकांना हिवाळ्यात इंधनासाठी जी रक्कम मिळते, ती फ्रान्समध्ये राहणाऱ्यांना २०१५ पासून मिळत नाही. उबदार हिवाळ्याचे देश तेव्हा त्यातून वगळले गेले, आणि फ्रान्सचे हिवाळ्यातील सरासरी तापमान मोजताना कॅरिबियन समुद्रातील व हिंदी महासागरातील फ्रेंच बेटेही धरली गेली होती. आमच्या अंगणात जानेवारीत बादलीतले पाणी गोठते. तेव्हा येथे येऊ इच्छिणाऱ्यांनी ती रक्कम हिशेबात धरू नये.

आता टेम्पोविषयी. हा सरकारने नियंत्रित केलेल्या वीजदरातलाच एक पर्याय असून तो ईडीएफ या फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीकडून मिळतो. त्यासाठी घरात लिंकी हा हिरवट पिवळ्या रंगाचा नवा मीटर असावा लागतो. वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते आणि त्याचे ३०० दिवस निळे, ४३ दिवस पांढरे व २२ दिवस लाल असतात. निळ्या दिवशी वीज नेहमीच्या एकेरी दरापेक्षा बरीच स्वस्त, पांढऱ्या दिवशी निळ्यापेक्षा थोडी महाग, आणि लाल दिवशी दिवसा ती निळ्या दिवसाच्या साधारण चौपट. दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी सहाला बदलतो. रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास स्वस्त असतात. लाल दिवस फक्त १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात येतात, शनिवार, रविवार किंवा सार्वजनिक सुटीला येत नाहीत, आणि सलग पाचांहून अधिक येत नाहीत. उद्याचा रंग कोणता हे आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कळते. तो ठरवते आरटीई, म्हणजे देशभरात उच्चदाबाची वीज वाहून नेणारी संस्था.

या रंगांमागचे कारण समजून घेतले तर ती शिस्त जाचक वाटत नाही. फ्रान्समध्ये असंख्य घरे विजेवरच तापवली जातात, त्यामुळे हिवाळ्यात तापमान एका अंशाने उतरले की देशाची विजेची मागणी सुमारे २४०० मेगावॅटने चढते. म्हणजे एकेका अंशासाठी दोन-तीन अणुभट्ट्यांएवढी वीज अधिक लागते. अशा दिवशी ज्यांना जमेल त्यांनी हात आखडता घ्यावा आणि त्याचा मोबदला उरलेले वर्षभर स्वस्त विजेच्या रूपाने घ्यावा, असा हा सरळ करार आहे. मला तो न्याय्य वाटतो. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी : हिवाळा सौम्य गेला तरी २२ दिवस पूर्ण केले जातातच. दुसऱ्या वर्षी हवा बरी असतानाही लाल दिवस आलेले पाहून आम्ही आधी चकित झालो होतो.

पहिल्या हिवाळ्यात आम्हाला एक चटका बसला, तो इतरांना बसू नये म्हणून सांगते. आमच्याकडे अंघोळीच्या पाण्यासाठी दोनशे लिटरची विजेची टाकी आहे. ती फक्त रात्रीच्या स्वस्त तासांत चालू व्हावी म्हणून विजेच्या पेटीत एक छोटा स्विच असतो; त्याच्या तीन स्थिती असतात : बंद, आपोआप आणि सक्तीने चालू. पेटीची दुरुस्ती करून गेलेल्या कारागिराने तो तिसऱ्या स्थितीत ठेवला होता आणि आम्ही कधी पाहिलेच नव्हते. पहिल्याच लाल दिवशी सकाळी सातला आम्ही दोघांनी अंघोळ केली, थोडी धुणीभांडी केली, आणि टाकी दिवसाढवळ्या पुन्हा तापू लागली. थंड पाण्याने भरलेली पूर्ण टाकी तापवायला सुमारे नऊ युनिट लागतात आणि लाल दिवसाचा दर साठ सेंटांहून अधिक असतो. म्हणजे एका दिवसाचे नुसते गरम पाणी पाच युरोंच्या वर गेले. तेच पाणी त्याच तारखेला रात्री तापवले असते तर दीड युरोच्या आसपास खर्च आला असता, कारण लाल दिवसाची रात्रही निळ्या दिवसाइतकीच स्वस्त असते. टेम्पो घेणाऱ्याने करार करण्याआधी हा स्विच स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

लाल दिवस आमच्या घरी कसा जातो ते सांगते. आदल्या रात्री दहानंतर कपडे धुण्याचे यंत्र लागते. सकाळी सहाच्या आत चहा होतो आणि दिवसभराचे गरम पाणी दोन थर्मासांत भरले जाते. हीटर सगळे बंद. शेगडी आदल्या संध्याकाळपासून चालू असते, राखेखाली निखारे जपलेले असतात, आणि त्यांच्यावर दोन बारीक ढलपे ठेवले की पाच मिनिटांत जाळ धरतो. स्वयंपाक त्याच शेगडीवर. आमचा ॲल्युमिनियमचा कुकर येथील इंडक्शनच्या चुलीवर चालत नाही, म्हणून तो माळ्यावर पडून होता. शेगडीच्या लोखंडी माथ्यावर मात्र तो उत्तम चालतो. पहिली शिट्टी व्हायला पंचवीसेक मिनिटे लागतात आणि आच कमी करायची तर कुकर कडेला सरकवायचा, एवढे हाताला कळले की झाले. शेजारच्या ओव्हेर्न्य प्रदेशातील ल प्युईच्या हिरव्या मसुरांची उसळ आमच्याकडे लाल दिवसाचीच झाली आहे. हे मसूर फार शिजवले तरी मोडत नाहीत, आणि कांदा, खोबरे, गोडा मसाला घातल्यावर त्यांची चव आपल्या अख्ख्या मसुराच्या इतकी जवळ येते की भारतातून काही मागवावेसे वाटत नाही. रात्री दहाला घड्याळ पाहून दिवा लावावा असे काही नाही. दिवे, फ्रीज आणि इंटरनेट दिवसभर चालूच असतात. लाल दिवशी सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत आमचा वापर दोन युनिटांच्या आसपास राहतो.

शेगडीविषयी अधिक सांगावे लागेल, कारण खरी मेहनत तेथेच आहे. घरात मोठी उघडी चूल होती. तिच्यातील बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते, म्हणून तिच्या जागी बंद दाराची शेगडी बसवून घेतली. बसवणारा कारागीर ऊर्जाबचतीच्या कामासाठी प्रमाणित असावा, कारण सरकारी साहाय्य त्याशिवाय मिळत नाही. धुराडे वर्षातून किमान एकदा साफ करून घ्यावे लागते आणि त्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे लागते; आग लागल्यास विमा कंपनी प्रथम तेच मागते.

लाकूड येथे ‘स्टेर’ या मापाने विकतात. एक मीटर लांबीचे ओंडके एक घनमीटर जागेत रचले की एक स्टेर. तेच ओंडके पन्नास सेंटिमीटरचे कापले की साधारण ०.८ घनमीटरात बसतात आणि तेहतीसचे कापले की ०.७ मध्ये. आमच्या शेगडीला तेहतीसचे लागतात. आठ स्टेर मागवले आणि रचून मोजले तर साडेपाच घनमीटरच भरले, तेव्हा आपण फसलो असे वाटून मी बराच वेळ अस्वस्थ होते. माप बरोबर होते. फसलो होतो ते दुसऱ्याच बाबतीत. विक्रेत्याने ‘वाळलेले’ म्हणून दिलेले लाकूड आतून ओले होते. शेगडीची काच दोन दिवसांत काळी झाली, जाळ धरेना, आणि ओंडक्यांच्या टोकांतून पाणी फसफसू लागले.

त्या वेळी शेजारचे वृद्ध शेतकरी आले. त्यांनी दोन ओंडके उचलून एकमेकांवर आपटले आणि म्हणाले, “मादाम, ऐका. वाळलेले लाकूड वाजते, हे नुसते बोलते आहे.” मग त्यांनी स्वतःच्या ढिगातील ओकचे दोन तुकडे आणून आपटले; त्यांचा आवाज खणखणीत, जवळजवळ तांब्याच्या भांड्यासारखा आला. त्यांनी त्या हिवाळ्यापुरते तीन स्टेर आम्हाला स्वतःच्या साठ्यातून दिले आणि पैसे घ्यायला बराच आग्रह करावा लागला. त्यानंतर आम्ही ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र विकत घेतले. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ते टोचायचे. वीस टक्क्यांच्या आत आकडा आला तरच जाळायचे. ओक, बीच आणि हॉर्नबीम ही लाकडे चांगली. या भागात चेस्टनट मुबलक व स्वस्त मिळते, पण ते तडतडत ठिणग्या उडवते, म्हणून बंद शेगडीतच आणि इतर लाकडात मिसळून वापरावे.

हिशेब असा. आमचा विजेचा वर्षाचा वापर आता सुमारे ४५०० युनिट आहे आणि त्यातील लाल दिवसांच्या महाग तासांतील वाटा पन्नास युनिटांच्या आत राहतो. एकेरी दराच्या तुलनेत टेम्पोमुळे वर्षाला दोनशे युरोंच्या आसपास वाचतात. लाकडाला वर्षाला साडेपाचशे ते सहाशे युरो लागतात. शेगडीची किंमत वसूल व्हायला आणखी काही वर्षे जातील हेही खरे. तरी केवळ विजेच्या हीटरांवर काढलेल्या पहिल्या दोन महिन्यांच्या बिलांशी तुलना केली तर आम्ही समाधानी आहोत, आणि मुख्य म्हणजे घर तेव्हापेक्षा उबदार आहे. भिंती साठ सेंटिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटच्या आहेत. तापायला त्यांना दोन दिवस लागतात, पण एकदा तापल्या की रात्री शेगडी विझली तरी पहाटेपर्यंत ऊब टिकते. दारांच्या फटींशी मी जुन्या सुती साड्यांच्या वळकट्या शिवून ठेवल्या आहेत.

काटकसरीच्या इतर बाबी थोडक्यात. दोघांनाही ब्रिटनची सरकारी पेन्शन असल्यामुळे एस-१ हा फॉर्म मिळाला आणि आमच्या औषधपाण्याचा भार ब्रिटनच उचलते. डॉक्टरकडे तीस युरो द्यावे लागतात, त्यातील बराच भाग परत येतो. राहत्या घरावरचा रहिवासी कर २०२३ पासून संपूर्ण रद्द झाला आहे, मालकीचा कर मात्र भरावा लागतो. पेन्शन पौंडांत येते आणि खर्च युरोंत होतो, त्यामुळे विनिमय दर उतरला की सरपणाच्या एक-दोन स्टेरइतका फरक सहज पडतो. त्यावर उपाय नाही.

ज्यांच्याकडे विजेशिवाय घर तापवण्याचे दुसरे साधन नाही त्यांनी टेम्पो घेऊ नये. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल, किंवा दिवसभर यंत्रावर काम करावे लागत असेल, तर २२ दिवस फार मोठे वाटतील. लाकडाचे कामही वयाच्या सत्तरीनंतर सोपे नाही : टोपलीभर ओंडके दिवसातून चार वेळा आत आणावे लागतात, राख काढावी लागते, पाठ दुखते. माझ्या पतींना गेल्या फेब्रुवारीत खांद्याचा त्रास झाला तेव्हा तीन आठवडे हे सर्व मी एकटीने केले, आणि त्या काळात आलेल्या चार लाल दिवसांपैकी दोन दिवशी आम्ही निमूटपणे एक हीटर लावला. त्याचे जे पैसे झाले ते झाले.

यंदा लाकूड मे महिन्यातच मागवले. बारा स्टेर आले. ते दक्षिणेच्या भिंतीशी, भिंत आणि रास यांच्यात वीतभर जागा सोडून, साली वरच्या बाजूला ठेवून आणि माथ्यावर फक्त पत्रे टाकून, शेजाऱ्यांनी दाखवले त्याप्रमाणे रचले आहेत. काल एक ओंडका फोडून यंत्र टोचले तेव्हा आकडा एकतीस आला, म्हणजे ही रास येत्या हिवाळ्यासाठी नाही, त्याच्या पुढच्या हिवाळ्यासाठी आहे.